युद्धातील इजा आणि मालकाची जबाबदारी

५ डिसेंबर १९४३ हा रविवार होता. त्या दिवशी भर उजेडात जपानी विमानांनी कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीवर बॉम्ब टाकले. गोदीत जहाजांवर माल चढविण्या-उतरविण्याचे काम चालू होते. या हल्ल्यात शेकडो माणसे ठार वा जखमी झाली, आणि त्यांत गोदीतील मजुरांची संख्या फार मोठी होती. बंगालमध्ये ते वर्ष दुष्काळाचे. पोटासाठी गावाकडून शहरात आलेला आणि गोदीत पाठीवर गोणी वाहणारा एखादा मजूर त्या दिवशी पाय गमावून बसला असेल, तर त्याच्या पुढच्या आयुष्याचा भार कोणी उचलावयाचा? बॉम्ब टाकणारा शत्रू कोणत्याही न्यायालयाच्या कक्षेत येत नाही. मालक म्हणणार, बॉम्ब मी टाकला नाही. सरकारही तेच म्हणू शकते. परंतु तो मजूर त्या धक्क्यावर हौसेने उभा नव्हता. युद्ध चालू राहावे म्हणून ज्या मालाची ने-आण अत्यावश्यक होती, तीच ने-आण तो करीत होता.

या प्रश्नाला हिंदुस्थानातील कायद्याने जे उत्तर दिले, ते एका दिवसात सापडलेले नाही. त्याचे टप्पे पाहिले म्हणजे राज्यकर्त्यांच्या मनात काय काय चालले होते, याचाही काही अंदाज येतो.

शांततेच्या काळातील नियम प्रथम ध्यानात घ्यावा लागेल. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्यापूर्वी यंत्रात हात सापडलेल्या कामगाराला मालकाचा निष्काळजीपणा न्यायालयात सिद्ध करावा लागे. ज्याचा हात गेला आहे, मजुरी बंद पडली आहे, त्याने वकील देऊन मालकाचा दोष शाबीत करावा, ही अपेक्षाच क्रूर होती. नव्या कायद्याने दोषाचा प्रश्न बाजूला सारला. अपघात नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात झाला असला म्हणजे पुरे. मालकाचा दोष असो वा नसो, भरपाई त्यानेच द्यावयाची. कामगार नशेत असेल, सुरक्षिततेचा नियम त्याने जाणूनबुजून मोडला असेल, तर गोष्ट वेगळी.

भरपाईचे गणितही कायद्यानेच ठरवून टाकले. शरीराच्या कोणत्या अवयवाच्या हानीमुळे कमाईची शक्ती किती घटते, याचे एक कोष्टक कायद्याला जोडलेले होते. उजवा हात कोपरापाशी वा त्याच्या वर तुटला तर शेकडा ७०, डावा तसाच तुटला तर शेकडा ६०, एक डोळा गेला तर ३०, अंगठा गेला तर २५, तर्जनीखेरीज दुसरे एखादे बोट गेले तर ५. वाचताना हे कोष्टक निर्विकार वाटते. किंबहुना एखाद्या दुकानातील भावपत्रकासारखे वाटते. तरीही त्याचा कामगाराला मोठा आधार होता, कारण त्यामुळे घासाघीस संपली. दुसऱ्या कोष्टकात मजुरीप्रमाणे रकमा दिल्या होत्या. १९३३ च्या दुरुस्तीनंतर महिना दहा रुपयांपर्यंत मिळविणाऱ्या कामगाराच्या मृत्यूबद्दल ५०० रुपये आणि कायमच्या संपूर्ण पंगुत्वाबद्दल ७०० रुपये, तर दोनशे रुपयांवर मिळविणाऱ्यासाठी अनुक्रमे ४,००० आणि ५,६०० रुपये असा दर होता. म्हणजे पहिल्याचा एक डोळा गेला तर त्याला २१० रुपये मिळत आणि दुसऱ्याचा गेला तर १,६८० रुपये. डोळा तोच, पण कायदा मोजत होता तो बुडालेल्या कमाईची किंमत. या गणिताविषयी कोणाचे मत काहीही असो, गरीब कामगाराला एक ठरावीक रक्कम हक्काने मागता येऊ लागली, हा बदल लहान नव्हता.

युद्ध आले आणि या कायद्याच्या मुळाशी असलेले शब्दच अडचणीत आले. ‘नोकरीमुळे’ याचा अर्थ काय? बॉयलर फुटून कामगार मेला, तर मृत्यू नोकरीमुळे आला याविषयी वाद नाही. पण आकाशातून पडलेला बॉम्ब गिरणीवर पडला काय आणि शेजारच्या चाळीवर पडला काय, तो धोका साऱ्या शहराला सारखाच. मग तो नोकरीचा धोका कसा म्हणावयाचा? मालकाच्या बाजूने हा युक्तिवाद बिनतोड दिसतो. कामगाराच्या बाजूने उत्तर असे की, शत्रू बॉम्ब टाकतो तो गोदी, रेल्वेची यार्डे, दारूगोळ्याचे कारखाने पाहून टाकतो. तेव्हा तेथे काम करणाऱ्यावरचा धोका इतरांच्या धोक्याहून निराळा आहे. दोन्ही बाजूंना काही अर्थ आहे, आणि म्हणूनच प्रत्येक जखमी कामगाराचा वेगळा खटला होऊन बसण्याची भीती होती. शिवाय एखाद्या लहान कारखान्यावर खरोखरच बॉम्ब पडला आणि पन्नास माणसे दगावली, तर ज्याचा कारखानाच जमीनदोस्त झाला आहे, तो मालक भरपाई देणार कोठून?

इंग्लंडने ही अडचण युद्ध सुरू होताच, १९३९ साली, एका कायद्याने सोडविली. युद्धजन्य इजेबद्दल सरकारने योजना करून साहाय्य द्यावे आणि त्याबरोबर मालकाची त्या इजेपुरती जबाबदारी संपावी, असा तो मार्ग होता. हिंदुस्थान सरकारने १९४१ साली युद्धजन्य इजांसंबंधीचा वटहुकूम काढला, तो याच धर्तीवर. या कायद्यांत युद्धजन्य इजेची जी व्याख्या केली आहे, ती मोठ्या बारकाईने केलेली आहे. शत्रूने फेकलेल्या अस्त्रामुळे झालेली इजा तर तीत येतेच. पण शत्रूशी लढताना आपल्याच बाजूच्या तोफेमुळे झालेली इजाही येते, आणि शत्रू आला अशा केवळ कल्पनेने केलेल्या प्रतिकारात झालेली इजाही येते. भोंगा वाजला, अंधारात कोणी तोफ डागली, आणि मागाहून कळले की विमान आपलेच होते. अशा गोंधळात ज्याच्या अंगावर गोळ्याचा तुकडा पडला, त्याला ‘हल्ला झालाच नव्हता’ असे सांगून परत पाठविता येणार नाही. आपल्या वा मित्रराष्ट्राच्या विमानातून काही खाली पडून दुखापत झाली, तर तीही युद्धजन्यच. हे कलम लिहिणाऱ्याने युद्धात माणसे कशी मरतात, याचा विचार केला होता, एवढे मान्य करावे लागते.

या वटहुकुमाची दुसरी बाजू मात्र कामगाराला महाग पडणारी होती. सरकारी साहाय्य मिळू लागले, पण १९२३ च्या कायद्याखालील हक्क युद्धजन्य इजेपुरता हिरावला गेला. साहाय्य हे मोठ्या जनसमुदायासाठी योजलेले असल्यामुळे बेताचेच असणार, हे उघड आहे. ज्या कुशल कामगाराला एरव्ही काही हजार रुपये मिळाले असते, त्याला आता सरकारी दराने जे काय मिळेल, तेवढ्यावर भागवावे लागणार होते. यंत्राने हात तोडला तर पूर्ण भरपाई, आणि त्याच यंत्रावर काम करताना बॉम्बने हात तोडला तर अपुरे साहाय्य, असा हा न्याय झाला.

तशात १९४१ च्या डिसेंबरात आणखी एक गोष्ट घडली. त्या महिन्यात जपान युद्धात उतरले आणि २३ तारखेला रंगूनवर बॉम्ब पडले. रंगूनच्या गोदीतील मजूर बहुतांशी हिंदी होते. ते जीव घेऊन पळाले आणि बंदराचे काम ठप्प झाले. त्याच डिसेंबरात हिंदुस्थान सरकारने अत्यावश्यक सेवा चालू ठेवण्यासंबंधीचा वटहुकूम काढला होता. ज्या नोकऱ्यांना तो लागू केला जाई, त्या नोकऱ्या वाजवी कारणावाचून सोडणे हा गुन्हा ठरला. आणि काम चालू ठेवल्यास आपल्या जिवाला अधिक धोका आहे अशी भीती वाटणे, हे वाजवी कारण मानले जाणार नाही, असा खुलासाही त्या वटहुकुमात करून ठेवलेला होता.

हे दोन वटहुकूम शेजारी ठेवून वाचावेत. एक कामगाराला सांगतो की, बॉम्बच्या भीतीने तुला काम सोडता येणार नाही. दुसरा सांगतो की, बॉम्बने तू जखमी झालास तर मालकाकडे तुला काही मागता येणार नाही. १९४२ च्या एप्रिलमध्ये विशाखापट्टण आणि काकिनाडा येथे बॉम्ब पडले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कलकत्त्यावर हल्ले सुरू झाले आणि हजारो माणसे शहर सोडून गावाकडे निघाली. वटहुकुमाच्या धाकाने माणसे धक्क्यावर उभी राहत नाहीत, हे तेव्हा राज्यकर्त्यांच्या ध्यानात आले असले पाहिजे. आपल्या मागे बायकामुलांचे काय होईल, याचे काहीतरी समाधानकारक उत्तर मिळाल्याखेरीज मजूर बॉम्बखाली थांबत नाही.

ते उत्तर म्हणजे १९४३ सालचा तेविसावा कायदा, युद्धजन्य इजांच्या भरपाईच्या विम्याचा कायदा. त्याने मालकाची जबाबदारी पुन्हा उभी केली. सरकारी साहाय्य तर मिळेलच. पण त्याशिवाय, १९२३ च्या कायद्याप्रमाणे जी भरपाई एरव्ही झाली असती तिच्यात व त्या साहाय्यात जे अंतर राहते, ते मालकाने भरून द्यावे, हे या कायद्याचे सार. तो लागू झाला तो अत्यावश्यक सेवांच्या वटहुकुमाखाली आलेल्या नोकऱ्यांना, कारखान्यांना, खाणींना, मोठ्या बंदरांना आणि पंचवीस वा अधिक माणसे कामाला असलेल्या चहा, कॉफी, रबर व सिंकोना यांच्या मळ्यांना. ज्यांना काम सोडण्याची बंदी होती, ते या यादीत आले, हे योग्यच झाले.

या कायद्यातील एक गोष्ट कायद्याच्या अभ्यासकांनाही विचार करावयास लावणारी आहे. ‘नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात’ ही जुनी अट त्यात घातलेली नाही. इजा युद्धजन्य असावी आणि ती या कायद्याखाली येणाऱ्या कामगाराला झालेली असावी, एवढेच त्याने पाहिले. रात्रपाळी संपवून घरी झोपलेल्या कामगाराच्या अंगावर छप्पर कोसळले, तर तो त्या वेळी कामावर नव्हता असे म्हणून मालकाला सुटता येत नव्हते. बॉम्ब नेमका कोठे आणि कोणत्या घटकेस पडला, या वादांतून त्यामुळे सुटका झाली. अर्थात यामुळे मालकाच्या जबाबदारीचे स्वरूपच पालटले. दोषावर आधारलेली जबाबदारी १९२३ साली गेली होती. आता जबाबदारीचा कामाशी असलेला संबंधही सैल झाला. एक माणूस दुसऱ्याच्या नोकरीत आहे, या नात्यावरच ती आता उभी होती.

इतकी विस्तृत जबाबदारी मालकावर टाकावयाची, तर तिला विम्याची जोड देणे अपरिहार्य होते. येथे विम्याच्या धंद्यातील एक मूलभूत गोष्ट सांगितली पाहिजे. आगीचा विमा चालतो, कारण एका वर्षी शंभर घरांपैकी एखादेच जळते. उरलेल्या नव्याण्णवांच्या हप्त्यांतून त्याचे नुकसान भरून निघते. युद्धात एकाच रात्री शंभरही घरे जळू शकतात, आणि दुसऱ्या वर्षी एकही जळत नाही. मागील अनुभवावरून पुढचा हप्ता ठरविण्याची सोयच राहत नाही. म्हणून खासगी विमा कंपन्या आपल्या विमापत्रांतून युद्धाचा धोका वगळून ठेवीत आल्या आहेत. असा धोका पत्करू शकते ते एकटे सरकार, आणि तेही सर्वांना विमा सक्तीचा केला तरच. सक्ती नसती तर कलकत्त्याच्या मालकांनी तेवढा विमा उतरविला असता आणि सोलापूरच्या गिरणीमालकाने जपानी विमाने काही आपल्यापर्यंत येत नाहीत, असे म्हणून हप्ता वाचविला असता.

१९४३ च्या कायद्याने ही सक्ती केली. मध्यवर्ती सरकार हाच विमा उतरविणारा. त्याच्या वतीने काम पाहण्यासाठी प्रतिनिधी नेमण्याची सोय होती. हप्ता मालकाने दिलेल्या एकूण मजुरीच्या प्रमाणात आकारावयाचा आणि तो एका स्वतंत्र निधीत जमा व्हावयाचा. एखाद्या मालकाने विमापत्र घेतलेच नाही तर? अशा वेळी मालकाच्या चुकीची शिक्षा कामगाराला होऊ नये, म्हणून भरपाई निधीतून देता येई आणि ती रक्कम, वर तेवढ्यापर्यंतच्या दंडासह, मालकाकडून जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येई. सगळे देणे भागल्यानंतर निधीत काही शिल्लक राहिली, तर ती कामगारांच्या हितासाठीच खर्च करावयाची, अशीही तरतूद होती. सरकारने मालक या नात्याने स्वतःवरही भरपाईची जबाबदारी घेतली. विमापत्र मात्र घेतले नाही, कारण स्वतःच स्वतःचा विमा उतरविण्यात काही अर्थ नव्हता.

सक्तीच्या विम्याची ही कल्पना मालाच्या बाबतीत आधीच आली होती. युद्धाच्या धोक्यापासून मालाच्या विम्याचा वटहुकूम १९४० साली निघाला, कारखान्यांच्या इमारती व यंत्रे यांच्यासाठी १९४२ साली निघाला, आणि कारखान्यातील माणसांसाठीचा कायदा १९४३ साली झाला. मधल्या काळात माणसांना सरकारी साहाय्य होते, हे खरे. तरीही कापडाच्या गठ्ठ्याला पूर्ण किंमत आणि तो विणणाऱ्याला बेताचे साहाय्य, असे काही काळ चालले, ही गोष्ट नोंद करून ठेवण्यासारखी आहे.

व्याख्या कितीही बारकाईने केली, तरी वस्तुस्थिती तिच्या बाहेर पडतेच. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. जहाजावर कापसाचे गठ्ठे होते आणि सुमारे चौदाशे टन स्फोटक दारूगोळाही होता. चार वाजून गेल्यावर काही मिनिटांत पहिला प्रचंड स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा झाला. गोदी आणि तिच्या लगतची वस्ती उद्ध्वस्त झाली. आग विझविणारे ६६ जवान कामी आले. गोदीतले मजूर, खलाशी, रस्त्यावरचे लोक असे शेकडो दगावले. जपान्यांचा हल्ला झाला, असाच अनेकांचा प्रथम समज झाला होता. परंतु शत्रू तेथे नव्हता, शत्रूशी लढाई चालू नव्हती, आणि काल्पनिक हल्ल्याचा प्रतिकारही कोणी करीत नव्हते. दारूगोळा युद्धाचा, जहाज युद्धाच्या कामावरचे, आणि तरीही इजा कायद्याच्या शब्दांत युद्धजन्य नव्हे. तर्काने पाहता गोदीतल्या नोकराचा हा नोकरीतील अपघात ठरतो. पण मांडवीच्या रस्त्याने चाललेल्या माणसाचा मालक कोण? अखेर मुंबईच्या स्फोटातील नुकसानभरपाईसाठी १९४४ साली सरकारला एक स्वतंत्र वटहुकूम काढावा लागला. स्फोटाच्या चौकशीसाठी नेमलेल्या मंडळाचे अध्यक्ष मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती सर लिओनार्ड स्टोन होते.

खलाशांची कथा याहून निराळी आणि मोठी आहे. येथे तिचा उल्लेखच करणे शक्य आहे. ब्रिटिश जहाजांवर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची आणि गोव्याची माणसे पिढ्यान्‌पिढ्या नोकरी करीत आली. पाणबुडीने बुडविलेल्या जहाजाचा मालक लंडनचा, जहाज अटलांटिक महासागरात, आणि विधवा दापोली वा राजापूर तालुक्यात, अशी परिस्थिती असल्यामुळे त्यांच्यासाठी युद्ध निवृत्तिवेतनाची वेगळी योजना करण्यात आली. नौदलातील व व्यापारी जहाजांवरील सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी त्या युद्धात गेले. मुंबईत मशीद बंदराजवळ खलाशांचे वसतिगृह आहे. तेथे त्यांचे स्मारक आहे.

स्वातंत्र्यानंतर हा विषय विस्मृतीत गेला होता. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनचे आक्रमण झाले, २६ तारखेला आणीबाणी जाहीर झाली, आणि जुने कागद पुन्हा बाहेर निघाले. त्याच वर्षी संसदेने वैयक्तिक इजांविषयीचा कायदा केला. सरकारी साहाय्याची योजना आणि मालकाची इतर जबाबदारीतून मुक्तता, हे १९४१ चेच सूत्र त्यात होते. नागरी संरक्षणाच्या स्वयंसेवकांचा त्यात समावेश करण्यात आला. काल्पनिक हल्ल्याचे ते कलमही जसेच्या तसे आले. परंतु या वेळी दुसरे पाऊल टाकण्यास दोन वर्षे लागली नाहीत. १९६३ साली भरपाई विम्याचा कायदा झाला आणि फरकाची रक्कम मालकाने, सक्तीच्या विम्याच्या आधाराने, देण्याची पद्धत परत आली. मालाच्या आणि कारखान्यांच्या विम्याचे कायदे १९६२ सालीच झाले होते. माणूस याही वेळी थोडा मागेच राहिला, पण अंतर बरेच कमी झाले होते.

सुदैवाने चीनच्या युद्धात शहरांवर बॉम्ब पडले नाहीत. १९६५ च्या सप्टेंबरात मात्र सीमेलगतच्या भागाला युद्धाची झळ लागली. राजस्थानात गडरा रोड येथे रसद पोचविणाऱ्या गाडीवरील रेल्वे कर्मचारी हल्ल्यात मारले गेले; त्यांचे स्मारक तेथे आहे. १९७१ च्या डिसेंबरात पुन्हा आणीबाणी आली आणि मालमत्तेच्या विम्याचे कायदे त्या वर्षी नव्याने करावे लागले. ज्या १९२३ च्या कायद्याच्या मापाने ही सारी भरपाई मोजली जात आली, तो पुढे अनेकदा दुरुस्त झाला आणि अखेर २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला.

या सगळ्या रचनेत एक जागा कच्ची राहिली होती, आणि ती खिदिरपूरच्या त्या मजुरापाशीच येते. भरपाई मजुरीवरून ठरते, हप्ता मजुरीच्या बेरजेवरून ठरतो, म्हणजे सारा डोलारा मालकाच्या हजेरीपटावर उभा आहे. गिरणीतल्या कामगाराचे नाव त्या पटावर असते. गोदीतला रोजंदारी मजूर सकाळी मुकादमाने हात केला तर कामावर, नाही तर नाही. आज एका कंत्राटदाराकडे, उद्या दुसऱ्याकडे. १९२३ च्या कायद्याने याचा काही विचार केला होता. कंत्राटदाराच्या मजुराला मुख्य मालकाकडे भरपाई मागता येत होती, आणि ज्याची महिनाभराचीही नोकरी झालेली नाही, त्याची मजुरी तशाच कामावरील दुसऱ्या कामगाराच्या मजुरीवरून धरावी, असेही त्यात म्हटले होते. पण मजुरीचा आकडा ठरविण्यापूर्वी, तो माणूस त्या दिवशी त्या धक्क्यावर कामाला होता, हे कोणीतरी येऊन सांगावे लागते. मुकादम मेलेला असेल, सोबती गावाकडे पळाले असतील, आणि विधवा बिहारातल्या किंवा ओरिसातल्या एखाद्या खेड्यात असेल, तर भरपाई आयुक्तापुढे अर्ज घेऊन उभे राहणार कोण?